व्हिटॅमिन हाय, काय होत न्हाई

मेडिकलच्या दुकानात गोळ्यांचा पत्ता कापायची एक पद्धत असते. ती कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत. पत्ता म्हणजे दहा गोळ्यांची ती चकचकीत पट्टी. गिऱ्हाईक चारच गोळ्या मागतं, मग कात्री लावायची. पण कोणत्या बाजूनं? पत्त्याच्या एका टोकाला मुदतीची तारीख असते. ते टोक दुकानात ठेवायचं आणि बिनतारखेचं टोक कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला द्यायचं. तारीख आपल्याकडं राहिली तर उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देता येतात, न खपल्या तर परत करता येतात. गिऱ्हाइकाच्या हातात मग काय जातं? चार गोळ्या, पाठीमागं छापलेल्या नावाची तीन अक्षरं, आणि सूचनेच्या ओळीचा कुठला तरी तुकडा.

शिरूर अनंतपाळला एका मेडिकलमध्ये मी चाळीस वर्षांवर हे काम केलं. किसनमामा मेडिकलवाले कुठं राहतात म्हणून विचारलं तर अजूनही कुणीही बोट दाखवतं. ह्या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, तुमच्या कामातल्या गमतीजमती लिहा. गमती आहेत, त्या लिहितो. पण आधीच सांगून ठेवतो. माझ्या एका उत्तरापायी एक पोरगी बिनकानाची जन्मली, आणि नंतर मी गप्प बसलो त्यापायी त्याहून जास्त नुकसान झालं. ज्याला नुसत्या गमती पाहिजेत त्यानं पान उलटावं.

माझं शिक्षण चौथी. पास म्हणून सांगत आलो, खरं तर नापास. इंग्रजी मी खोक्यांवरून शिकलो. अक्षर लागत नव्हतं तेव्हा खोक्याचा रंग, पट्टा, झाकण ध्यानात ठेवायचं. दुकानाचे मालक महालिंगप्पा, त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. लिंगायत माणूस, आधी किराणा होतं, मग मेडिकल टाकलं. मी बौद्धवाड्यातला. त्यांनी मला काउंटरवर उभं केलं तेव्हा बाजारात दोन-चार जण कुजबुजले. अप्पा मोठ्यानं म्हणाले, “औषध देणाऱ्याची जात कोण बगतंय, गुण येतो का ते बगतेत.” ते वाक्य मला चढलं. गुण आलाच पाहिजे अशी ईर्षा लागली.

भिंतीवर काचेत फार्मसीचं एक सर्टिफिकेट टांगलेलं होतं, दुकानाचा परवाना त्यावर चालायचा. ते ज्याचं होतं त्या माणसाला मी आयुष्यात दोनदा पाहिलं. एकदा सर्टिफिकेट टांगताना आणि एकदा अप्पांच्या मुलाच्या लग्नात पंगतीत. मधल्या सगळ्या काळात दुकान म्हणजे मीच. तेव्हा पुष्कळ ठिकाणी असंच होतं असं म्हणून मला सुटता येईल, पण मी म्हणणार नाही.

किल्लारीला भूकंप झाला तेव्हा बाहेरून औषधांची खोकीच्या खोकी आली. काहींवरची अक्षरं डॉक्टरांनाही लागत नव्हती. मी आठ दिवस तिथं तंबूत बसून, गोळीच्या रंगावरून आणि बाटलीच्या बुचावरून ती लावून दिली. एक मोठे डॉक्टर पाठीवर हात ठेवून म्हणाले, “तुम्ही किती शिकलात?” मी म्हणालो, “पुष्कळ.” त्या दिवसापासून मला कुणी काही सांगायला लागलं की राग यायचा. त्यातल्या किती बाटल्या मी चुकीच्या रांगेत लावल्या असतील, हा विचार माझ्या मनात यायला पुढं वीस वर्षं गेली.

आता गमती. एक म्हातारबा दर महिन्याला यायचे आणि म्हणायचे, “मागच्या पोळ्याला दिलती ती द्या, निम्मी लाल निम्मी पिवळी.” एवढ्यावर मी गोळी ओळखून द्यायचो. एक बाई स्वतःच्या गुडघ्याच्या गोळ्या म्हशीला चारायची आणि म्हैस लंगडायची थांबली म्हणून मलाच पेढे द्यायची. एक मास्तर स्मरणशक्तीची गोळी न्यायचे. मला वाटायचं वर्गातल्या पोरांसाठी नेतात. एक दिवस गोळीचे पैसे देऊन गोळी तिथंच विसरून गेले, तेव्हा कळलं की कुणासाठी.

दवाखान्यात नंबर लावावा लागतो, माझ्याकडं लागत नव्हता. त्यामुळं लोक गोळीपेक्षा उत्तर न्यायला जास्त यायचे. मामा, ही जेवणाआधी का नंतर. मामा, ही आणि ती एकदम घेतली तर. मी हातातलं काम न थांबवता सांगायचो. न थांबवता सांगण्यातच माझी सगळी ऐट होती.

मनीषा आमच्या गल्लीतली. बाप पंचायत समितीत शिपाई, आई शांताबाई. पोरगी डी.एड. झालेली, हुशार, तोंडानं फटकळ. पण ऐन लग्नाच्या वयात तिच्या चेहऱ्यावर असे पिंपल आले की गालाला ओढणी लागली तरी दुखायचं. दोन ठिकाणचे पाव्हणे बघून गेले, निरोप आला नाही. शांताबाईंनी तिला लातूरला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी एक मऊ कॅप्सूल लिहून दिली.

“डॉक्टरनं लई बजावलं बगा, किसनभाऊ,” शांताबाई म्हणाल्या. “दर महिन्याला या म्हणले, रगत तपासा म्हणले. लग्न ठरलं की गोळी बंद करा, मला विचारल्याबिगर पुढं घेऊ नका म्हणले.”

“डॉक्टर बजावतेतच,” मी म्हणालो. “दर महिन्याला लातूरला कामून जाता? कागद आना इथं. मी हाय की.”

त्या कॅप्सूलची मला पुरी माहिती होती असं मला वाटत होतं. कंपनीचा माणूस मागं एकदा बोलता बोलता म्हणाला होता की हे औषध व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं आहे. आता व्हिटॅमिन ए म्हणजे काय, हे कुणालाही माहीत. गाजर, पपई, शेवग्याचा पाला. अंगणवाडीत लेकरांना चमच्यानं पाजतात ते डोळ्यांचं औषध. माझ्या डोक्यात गणित बसलं. मी शांताबाईंना सांगितलं, हे गाजराचं सत्त्व आहे, निवांत खाऊ द्या.

एकदम अख्खा पत्ता घेणं त्यांना जड जायचं. म्हणून आठवड्याला पाच कॅप्सूल कापून द्यायचो, बिनतारखेच्या बाजूच्या. पत्त्याच्या पाठीमागं लाल अक्षरांत एक ओळ होती आणि एका बाईचं लहानसं चित्र, पोट पुढं आलेली बाई आणि तिच्यावरून आडवी रेघ. ते चित्र माझ्या रोजच्या बघण्यातलं. मी त्याचा अर्थ असा लावला होता की अंग सुटलेल्या बाईनं ही गोळी घेऊ नये. मनीषा तर काडी. तिला काय त्याचं.

चार महिन्यांत चेहरा साफ झाला. नांदेडकडच्या उमरीचं स्थळ आलं, मुलगा सोसायटीत नोकरीला, लग्न ठरलं. विहारात लग्न लागलं त्या दिवशी मनीषा मला म्हणाली, “मामा, तुमच्या गोळ्यांनी जमलं बरं का माझं.” चार माणसांत म्हणाली. मी आठवडाभर ते सांगत फिरलो.

लग्नानंतर दोन महिन्यांनी गालावर परत एक-दोन पुटकुळ्या आल्या. उमरीच्या मेडिकलवाल्यानं डॉक्टरचा कागद असल्याशिवाय गोळी द्यायला नकार दिला. तिनं मला फोन केला. मला त्या दुकानदाराचं हसू आलं. कागद मागतो म्हणे, माणूस ओळखता येत नाही वाटतं. मी गोळ्या कापल्या, पुडी बांधली, उमरीकडं निघालेल्या तिच्या भावाजवळ दिली. एकदा नाही, तीनदा.

मग तिचा तो फोन आला. सकाळची अकराची वेळ, काउंटरवर चार-पाच गिऱ्हाइकं.

“मामा, एक विचारू का?”

“विचार की.”

“मला वाटतंय दिवस राहिलेत. घरात अजून कुणाला सांगितलं न्हाई. त्या गोळ्या चालू ठेवू का बंद करू?”

“व्हिटॅमिन हाय बाई ते. काय होत न्हाई. उलट लेकरू गोरंगोमटं निघंल.”

“नक्की ना मामा?”

“केस पांढरे झाले माझे इथं,” मी म्हणालो. गिऱ्हाइकं हसली. मी फोन ठेवला आणि कुणाची तरी खोकल्याच्या औषधाची बाटली कागदात बांधायला लागलो. ह्या सगळ्याला मिनिटसुद्धा लागलं नाही.

लेक नांदेडला झाली. शांताबाई परत आल्या त्या सरळ दुकानात आल्या. स्टुलावर बसल्या, पाणी मागितलं, आणि पाणी तसंच हातात ठेवून म्हणाल्या, “किसनभाऊ, लेकराला कानच न्हाईत हो. दोन्ही बाजूला शेंगदाण्याएवढं मास हाय निस्तं. अन् काळजाला भोक हाय म्हणतेत.”

मी म्हणालो, “आसं कसं?”

“डॉक्टरबी तेच विचारून राहिले. नात्यात लग्न झालं का, पोटात असताना कोणतं औषध घेतलं का. मनी म्हणली न्हाई, निस्तं व्हिटॅमिन.”

हे मी ऐकलं. माझ्या कानावरून गेलं. व्हिटॅमिन तर सगळ्याच बायका घेतात.

सासरी मात्र कारण सापडलेलं होतं. मनीषाच्या सातव्या महिन्यात ग्रहण लागलं होतं. सासू गयाबाईंनी तिला सांगितलं होतं की आत बस, काही चिरू-कापू नको. आमच्यात ग्रहण पाळायचं सोडून पिढी-दोन पिढ्या झाल्या, पण सोडलं असं म्हणणं वेगळं आणि सुटणं वेगळं. मनीषा म्हणाली, आम्ही मानत नाही आत्याबाई, आणि विळीवर बसून भेंडी चिरली. पोरगी बिनकानाची झाली तेव्हा गयाबाई एवढंच म्हणाल्या, “शिकलेली हाय ती, तिला सगळं कळतंय.” पोरीचं नाव प्रज्ञा ठेवलं. काळजाचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं. ऐकू येण्यासाठी पुढं डोक्याला पट्ट्यानं बांधायचं यंत्र मिळालं.

प्रज्ञा दीड वर्षाची असताना अप्पांच्या मुलाच्या मुलाचं लग्न झालं आणि दुकानात नातसून आली, अश्विनी. फार्मसी शिकलेली. भिंतीवरचं जुनं सर्टिफिकेट उतरलं, तिचं लागलं, आणि ज्याचं सर्टिफिकेट ते माणूस समोर बसायला लागलं. मला ते पटत नव्हतं. तीन दिवस मी तिला खोकी कुठं आहेत ते सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी तिनं माझा बिस्किटाचा डबा उघडला. त्यात मी कापून उरलेले तुकडे ठेवायचो. तिनं एक तुकडा उचलला, उलटा केला, वाचला.

“काका, ह्याच्या दुसऱ्या बाजूच्या गोळ्या कुणाला दिल्या?”

“गिऱ्हाइकाला. पिंपलच्या हायत. व्हिटॅमिन.”

“हे व्हिटॅमिन नाही काका.”

“ए व्हिटॅमिन. कंपनीवाल्यानं सोता सांगितलंय मला.”

ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. रागावली असती तर मी भांडलो असतो. पण तिनं अगदी शांतपणे सांगितलं. ते मी मला कळलं तसं लिहितो, कारण हे सगळ्यांना कळायला पाहिजे.

भाजीत, गाजरात जे असतं त्यातून आपलं शरीर लागेल तेवढंच ए व्हिटॅमिन बनवून घेतं. पोटभर गाजरं खाल्ली तरी त्यानं पोटातल्या बाळाचं काही बिघडत नाही. ही कॅप्सूल मात्र त्याच घराण्यातला तयार केलेला, तेज पदार्थ. शरीराला ती अडवता येत नाही, सरळ रक्तात जाते, तिथून बाळापर्यंत. बाळाचे कान, टाळू, काळीज, मेंदू हे सगळं पहिल्या दोन-तीन महिन्यांत घडतं, पुष्कळदा बाईला दिवस राहिल्याचं पक्कं कळायच्या आधीच. कोणता भाग कुठं आणि कधी घडवायचा हे शरीर ह्याच जातीच्या पदार्थानं ठरवतं, आणि तो अगदी जपून, थेंबाथेंबानं वापरतं. वरून कॅप्सूलचा लोंढा आला की सगळं विस्कटतं. म्हणून ही गोळी बंद केल्यावर निदान महिना गेल्याशिवाय दिवस राहू द्यायचे नसतात. नुसत्या ए व्हिटॅमिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्यासुद्धा पोटुशीनं डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायच्या नसतात. सगळ्याच बाळांना दोष होतो असं नाही. कितीतरी बाळं धडधाकट जन्मतात, आणि म्हणूनच माझ्यासारख्याची चूक झाकून राहते.

“दोष म्हणजे कसला?” मी विचारलं.

“कान नीट घडत नाहीत. कधीकधी नसतातच. हृदयात दोष असतो, मेंदूत असतो.”

“कंपनीवाले उगंच घाबरवतेत,” मी म्हणालो. तासभर मी तिच्याशी हुज्जत घातली. पण कान म्हणाली तेव्हाच मला प्रज्ञा आठवली होती. नंतरची हुज्जत होती ती तिच्याशी नव्हती.

त्या चित्रातली बाई लठ्ठ नव्हती, पोटुशी होती. हे आता लिहिताना किती सोपं वाटतं.

त्या दिवशी मला सगळं कळलं, आणि मी सांगितलं कधी? प्रज्ञा सात वर्षांची झाल्यावर. मधली वर्षं मी काय केलं ते सांगतो.

एक तर कात्री बंद केली. कुणीही काहीही मागो, सूचना छापलेली बाजू गिऱ्हाइकाच्या हातात गेल्याशिवाय गोळी द्यायची नाही. आणि दुसरं म्हणजे विचारायला लागलो. पंधरा ते पन्नास वयाची कोणतीही बाई आली की, “बाई, दिवस गेलेत का?” एका मावशींनी पिशवी काउंटरवर आपटली. “आता कुठले दिवस, मामा? गेले ते. नातवाला दाढी फुटली माझ्या.” मागं उभी असलेली बाई म्हणाली, “विचारू द्या की मावशी, तेवढंच बरं वाटतं.” लोक म्हणाले, मामाला म्हातारचळ लागला.

एक नवी नवरी फिटच्या गोळ्या न्यायला यायची. तिला मी म्हणालो, मूल पाहिजे असेल तर आधी डॉक्टरला भेट, ह्यातल्या काही गोळ्या बाळाला बाधतात. पण मनानं बंद करू नको, फिट आली तर ती वेगळीच आफत. डॉक्टरांनी तिची गोळी बदलली. पुढं ती मुलाला घेऊन दाखवायला आली. पेरणीच्या दिवसांत एक बाई हाताची आग होते म्हणून मलम न्यायला आली, तळहात गुलाबी झालेले, पोट पाच महिन्यांचं. सोयाबीनच्या बियाण्याला औषध उघड्या हातानं चोळत होती. म्हणाली, मुकादम म्हणतो बायकांचा हात चांगला बसतो. मी तिच्या नवऱ्याला बोलावून भर बाजारात झापलं. म्हणालो, ते औषध किडा मारायला केलंय, पोटातलं लेकरू केवढं असतं तुला माहीत आहे का. त्यानं दुसऱ्या दिवसापासून तिला त्या कामावर पाठवलं नाही.

ह्या दोन गोष्टी मी मोठ्या ऐटीत सांगत असे. मनात वाटायचं, फेडून राहिलो. पण जिचं फेडायचं होतं ती उमरीला होती.

आणि तिची खबर मला मिळत होती. शांताबाई ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला यायच्या. “मनी दुसरं लेकरू नको म्हणतीय हो,” त्या सांगायच्या. “माझ्या रक्तातच दोष हाय म्हणते. जावई समजावून थकले. अन् ग्रहण लागलं की आता कोपऱ्यात हातावर हात ठेवून बसती, पाणीबी पीत न्हाई. माझी मनी.”

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, शांताबाई, तिच्या रक्तात दोष नाही आणि ग्रहणाचाही नाही, माझ्या पुडीचा आहे. वाक्य तयार होतं. दर महिन्याला तयार असायचं. आणि दर महिन्याला मी गोळ्या पुढं सरकवून म्हणायचो, “होईल सगळं बरं.” भीती मारहाणीची नव्हती, पोलिसांचीही फारशी नव्हती. शिरूरमध्ये किसनमामा चुकला असं कुणी म्हणेल, एवढीच होती. ह्या एवढ्याशासाठी मी पाच वर्षांच्यावर घालवली.

मागच्या वर्षी काम सोडलं. शेवटच्या आठवड्यात अश्विनीला सगळं सांगितलं, नावासकट. ती म्हणाली, “काका, त्या ताईंना सांगा. आधी सांगायला पाहिजे होतं. ती गोळी अंगात राहत नाही, कधीच निघून गेली. त्या गोळीमुळं दुसरं मूल बिघडण्याचं काही कारण नाही. डॉक्टरांना विचारून त्या बिनधास्त विचार करू शकतात.”

मला त्यातलं एवढंच ऐकू आलं, दुसरं मूल. मला वाटलं, आपण नुसती चूक कबूल करायला चाललो नाही, चांगली बातमी घेऊन चाललो. धुतलेला सदरा घातला. दोन एस्ट्या बदलून नांदेड, तिथून जीपनं उमरी. सबंध रस्ताभर मी खुशीत होतो, हे लिहायला लाज वाटते, पण होतो.

मनीषा घरीच शिकवणी घेते. ओसरीवर पाढे चालले होते. मला बघून तिनं पोरांना सुट्टी दिली. “जयभीम मामा. इतक्या लांब?” गयाबाई बाजेवर डाळ निवडत होत्या. प्रज्ञा दाराशी बसून चित्र रंगवत होती, डोक्याला तो पट्टा, आई बोलली की तिच्या ओठांकडं बघणारी.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बसून सांगितलं असतं तर जमलं नसतं. कॅप्सूल, पुडी, चित्र, अश्विनीनं सांगितलेलं सगळं. शेवटी म्हणालो, “पोरी, तुझ्यात काय दोष न्हाई. ग्रहणाचाबी न्हाई. दुसरं लेकरू चांगलं हुईल.”

मनीषानं हातातल्या खडूचा तुकडा कठड्यावर ठेवला.

“तुम्हाला कवा कळलं, मामा?”

“पाच वर्षं झाली. जास्तच.”

“सहा महिने झाले मी ऑपरेशन करून घेतलं,” ती म्हणाली. “मूल बंद व्हायचं. ह्यांना पाहिजे होतं दुसरं. मीच हट्टाला पेटले. म्हणलं, आणखी एका लेकराला अशी शिक्षा नको माझ्यामुळं.”

मी बाजेच्या कडेला टेकलो. गयाबाई डाळ निवडायच्या थांबल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, “गोळीबी खाल्ली अन् ग्रहणातबी चिरलं. दोनी झालं म्हणायचं.”

“आत्याबाई,” मनीषा म्हणाली, “कान दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच घडतेत, मामांनी आत्ता सांगितलं न्हाई का. मी भेंडी चिरली सातव्यात.”

“असंल बाई,” गयाबाई म्हणाल्या. “पाव्हणे, चूक तुमची तर मग इतके दिस माझ्या सुनंला बोल कामून लावू दिलात?” आणि पहिल्यांदाच त्यांचे हात थांबले.

मनीषा आत गेली आणि वही, पेन घेऊन आली.

“लिहून द्या.”

“काय?”

“आत्ता बोललात ते. ह्या घरात तोंडी बोललेलं लई झालं.”

मी लिहिलं. माझं अक्षर वाकडं, वेळ लागला. पेपरात वाचलेला एक शब्द मला आठवला तो घातला: माझ्या हातून अनवधानाने मनीषास सदर गोळ्या दिल्या गेल्या. खाली सही केली.

तिनं वाचलं. शिकवणीच्या पोरांच्या वह्या तपासते तसं पेन घेऊन त्या शब्दावर टेकवलं.

“अनवधानानं न्हाई मामा. मी फोन केला होता. विचारलं होतं, चालू ठेवू का बंद करू. नक्की ना म्हणूनबी विचारलं होतं. ते कुठं हाय ह्यात?”

मी म्हणालो, “ते बी लिहू?”

“तेच लिहा.”

मी नवीन पान घेतलं. लिहिलं: तिनं मला दोनदा विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. तरी मी सांगितलं.

तिनं कपाटातून प्रज्ञाची फाइल काढली, नांदेडची, लातूरची, सगळ्या दवाखान्यांचे कागद. तिनं मला त्यातले चार-पाच दाखवले. प्रत्येकावर डॉक्टरांच्या हातानं एक ओळ, गरोदरपणात घेतलेली औषधे, आणि पुढं एकच शब्द, व्हिटॅमिन. “दर बारी विचारायचे,” ती म्हणाली. “मी दर बारी हेच सांगितलं. खोटं बोलले असं वाटायलंय आता.” मग माझं पान तिनं सगळ्यांत वर लावलं.

चहा विचारला नाही. तो हक्क माझा राहिला नव्हता. मी उठलो तेव्हा मात्र म्हणाली, “मामा, मी एकटीच न्हाई. तुम्ही किती जणींना कापून दिल्या असतील. त्यांना कोण सांगणार?”

म्हणून हे लिहिलं. शिरूर आणि आसपासच्या गावांतल्या ज्या लेकीबाळींना मी पिंपलच्या मऊ कॅप्सूल पुडीत बांधून दिल्या, व्हिटॅमिन म्हणून दिल्या, त्यांना सांगतो. ते व्हिटॅमिन नव्हतं. जिला ते घेताना दिवस गेलेले होते, आणि जिच्या लेकराला काही झालं, तिनं ग्रहण, रक्त, नशीब सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांना हे सांगावं. जिचं लेकरू पोटातच गेलं तिनंही सांगावं. जी आज घेत असेल तिनं आजच डॉक्टरकडं जावं. आणि डॉक्टरांनी विचारलं की कुणी दिली, तर माझं नाव सांगावं.